लाख तांदूळ आणि विनोबांचे गणित

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या वेळी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहिणे म्हणजे किराण्याची यादी आणि बचत गटाची वही, याच्यापुढे माझा हात कधी गेला नाही. पण मग मनात आले की, मागे आपल्या मंडळात तांदळाच्या लाखोलीवरून जो वाद झाला, त्याचे उत्तर मला ज्या थोर पुरुषाच्या चरित्रात सापडले, ते चरित्र तरी आपणा सर्वांपुढे ठेवावे. म्हणून हा प्रयत्न. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

वाद पुष्कळजणींना आठवत असेल. २०२३ साली श्रावण अधिक आला होता. अधिक महिन्याचे पुण्य मोठे, म्हणून आपण वीसजणींनी मिळून विठोबाला एक लाख तांदूळ वाहायचे ठरवले. प्रत्येकीच्या वाट्याला पाच हजार दाणे आले. ठरवताना उत्साह होता, पण दुसऱ्याच दिवशी कुणाची खुरपणी निघाली, कुणाची म्हैस व्याली, कुणाकडे पाहुणे आले. मोजायला वेळ कुणाला? तेव्हा एका शिकलेल्या सूनबाईंनी तोड काढली. दुकानातला वजनकाटा आणावा, दहा ग्रॅम तांदूळ एकदाच मोजावेत, त्यावरून लाख दाण्यांचे वजन काढावे आणि तेवढे तांदूळ एकदम वाहून मोकळे व्हावे. निम्म्याजणींना हे पटले. निम्म्याजणींनी कानांवर हात ठेवले. देवाला का कुणी वजनावर तोलतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

मी काट्याच्या बाजूची होते, हे आज कबूल करते. दाणे लाख भरल्याशी देवाला कारण, ते कसे भरले याच्याशी नाही, असे मी चारचौघींत बोलून गेले. आमच्या थोरल्या जाऊबाई दुसऱ्या बाजूच्या. शब्दाने शब्द वाढला आणि आम्ही दोघी आठ दहा दिवस एकमेकींशी बोललो नाही. एका घरच्या दोन सुना, विहीर एक, गोठा एक, आणि पुण्याच्या महिन्यात तोंडे दोन दिशांना. याची मला मनातून फार लाज वाटे, पण मागे कोण सरणार?

त्याच दिवसांत माझ्या धाकट्या मुलीने शाळेच्या वाचनालयातून आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र आणले. ती तेव्हा सातवीत होती. संध्याकाळी मी भाकऱ्या करीत होते आणि ती मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता ती एका प्रसंगाला आली आणि माझा तव्यावरचा हात थांबला. विनोबांच्या घरीही हाच वाद झाला होता. तेच तांदूळ, तोच लाखाचा आकडा आणि तीच वजनाची तोड!

तो प्रसंग सांगण्याआधी विनोबांचे मूळ सांगितले पाहिजे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. त्यांचे नाव विनायक. आजोबा शंभुराव मोठे शिवभक्त, व्रते-उपासना करणारे. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. ते रंगकामाचे आणि रसायनाचे जाणकार. प्रत्येक गोष्ट मोजून, तपासून, प्रयोग करून पाहायची, हा त्यांचा स्वभाव. आई रुक्मिणीबाई. शिक्षण फारसे नाही, पण ओठांवर सदैव देवाचे नाव आणि संतांचे अभंग. घरचे काम करता करता त्या गात असत आणि गाता गाता त्यांचे डोळे भरून येत. असे हे घर होते. बापाकडून गणित आणि आईकडून भक्ती, असा दुहेरी वारसा विनायकाला मिळाला.

आईची मुलांना शिकवण साधी होती. कोकणातले घर, फणस पिकला की कापायचा, पण आधी शेजारीपाजारी वाटून यायचे आणि मग घरच्यांनी खायचे. वाटायला मुलांनाच पाठवायचे. जो देतो तो देव आणि जो ठेवून घेतो तो राक्षस, हा धडा मुलांना पाटीवर लिहून द्यावा लागला नाही. फणसाचे गरे हाच धडा. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला खायला मिळत नसे. पुढे ज्या माणसाने साऱ्या देशाला द्यायला शिकवले, त्याची पहिली शाळा ही अशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भरली होती.

आता तो प्रसंग. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचे व्रत धरले होते. रोज ताटात तांदूळ घेऊन त्या एकेक दाणा मोजीत बसत. एके दिवशी नरहररावांनी ते पाहिले. हिशेबी माणूस तो. त्यांनी सुचवले की, एवढा खटाटोप कशाला, एक तोळा तांदूळ घे, त्यात दाणे किती ते मोज, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ, आणि वाटले तर अर्धा तोळा जास्त घाल म्हणजे कमी पडायची भीती नको. सांगणे अगदी बिनचूक होते. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना. पण मन तर मानीना. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्यांनी त्यालाच विचारले. विनायकाने आईला समजावले, ते असे. हे नुसते गणित नव्हे, ही भक्ती आहे. एकेक दाणा मोजताना प्रत्येक दाण्यागणिक मन देवाकडे लागते. त्यासाठीच तर हे मोजणे आहे. तेव्हा दाणे एकेकच मोजावेत. हे ऐकून आईला केवढा आनंद झाला! तिने ते लगेच यजमानांच्या कानावर घातले.

भगिनींनो, हे उत्तर देणारा मुलगा गणितात कच्चा असता तर मला त्याचे काही वाटले नसते. ज्याला हिशेब येत नाही तो भक्तीच्या आडोशाला उभा राहतोच. मी स्वतः त्रैराशिकाला भिऊन पाटी फेकणारी, मला ते ठाऊक आहे. पण विनायकाचे गणित शाळेत पहिल्यापासून पक्के होते. ईश्वराच्या खालोखाल आपल्याला काही प्रिय असेल तर ते गणित, असे ते पुढे आयुष्यभर सांगत आले. अशा मुलाने वडिलांचे गणित खोटे ठरवले नाही. ते बरोबरच होते. फक्त ते कुठे लावायचे आणि कुठे नाही, एवढे त्याने आईला सांगितले. मला वाटते, विनोबांच्या साऱ्या चरित्राची किल्ली या एका प्रसंगात आहे.

पुढे विनायकाचे मन ठराविक शिक्षणात रमेना. आपली प्रमाणपत्रे त्याने आईसमोर चुलीत जाळून टाकली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून तो निघाला, सुरतेस गाडीतून उतरला, वडिलांना पत्र टाकले आणि ब्रह्मजिज्ञासेसाठी काशीची वाट धरली. घर सोडले ते सोडलेच. काशीस असताना महात्मा गांधींचे विचार त्याच्या वाचनात आले. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींना भेटला. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती, या दोन्हींची ओढ असलेल्या त्या तरुणाला दोन्ही एका ठिकाणी सापडली. विनायकाचे विनोबा झाले ते आश्रमातच.

१९१७ साली प्रकृती सुधारण्यासाठी आणि अभ्यासासाठी त्यांनी एक वर्षाची रजा घेतली आणि आपल्याकडच्या वाईस आले. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ त्यांनी शास्त्राध्ययन केले. वर्षअखेरीस त्यांनी गांधीजींना जे पत्र लिहिले ते म्हणजे एक जमाखर्चाची वहीच म्हणावी. किती विद्यार्थ्यांना गीता शिकवली, किती जणांना ज्ञानेश्वरी, किती उपनिषदे, पायी प्रवास किती मैल, रोज सूर्यनमस्कार किती, दळण किती शेर, सगळे आकड्यांनिशी मांडलेले. सूर्यनमस्कार रोजचे तीनशे! आणि दळण? होय, जात्यावरचे दळण. वाचनालयासाठी पैसे उभे करायला त्यांनी शिकणाऱ्या मुलांना घेऊन लोकांचे दळण दळून दिले होते. ब्राह्मणाघरचे शाळकरी मुलगे जात्याला बसले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर दळले, पण कुणी त्याची मजुरी मोजली नाही. विनोबांनी ती मोजली. आणि रजेचे एक वर्ष भरले त्याच दिवशी ते आश्रमात परत हजर झाले. गांधीजी तो वायदा विसरूनही गेले होते. त्यांना या सत्यनिष्ठेचे मोठे कौतुक वाटले. दिलेला शब्द दिवसावर मोजून पाळणे, हेही गणितच. आणि हीच भक्तीही.

१९१८ सालच्या साथीच्या तापात, २४ ऑक्टोबर रोजी, रुक्मिणीबाई गेल्या. आईची एक साडी आणि तिच्या पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती एवढ्या दोन वस्तू विनोबांनी जवळ ठेवल्या. ती साडी ते कित्येक वर्षे उशाशी घेत, पुढे त्यांनी ती साबरमतीत सोडून दिली. मूर्ती आश्रमातल्या कस्तुरबांच्या नात्यातील काशीबेन गांधी यांच्या पूजेत गेली. पण आईचे एक मागणे राहून गेले होते. तिला गीता समजून घ्यायची होती, संस्कृत येत नव्हते. विनोबांनी एक मराठी भाषांतर आणून दिले, तेही तिला अवघड गेले. मग तूच का सोप्या मराठीत करून देत नाहीस, असे तिने मुलाला म्हटले होते. मुलगा ते करू शकेल, हा तिचा विश्वास. तो विश्वास फळाला आला तेव्हा ती नव्हती. ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यास विनोबा गीताई लिहायला बसले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पुरी झाली. मी बोटांवर मोजून पाहिले. हे दिवस होतात १२३ आणि गीतेचे श्लोक ७००. म्हणजे रोजचे साधारण सहा श्लोक. एकेक दाणा निवडून ताटात टाकावा, तसा एकेक शब्द निवडून त्यांनी आईची लाखोली पुरी केली, असे मला वाटते. नावही काय दिले? गीताई. गीता आणि आई.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचन केले. अध्याय अठरा, रविवारही बरोबर अठरा. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती प्रवचने भराभर लिहून घेतली म्हणून आज गीताप्रवचने हे पुस्तक आपल्याला मिळते. तुरुंग असला तरी तो वर्गच होता. विद्यार्थी सत्याग्रही आणि साधे गुन्हेगारही.

आता शाळेतल्या गणिताविषयी. गांधीजींनी ८ एप्रिल १९२१ पासून विनोबांना वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठवले होते. तेथे त्यांनी शिक्षणाचे अनेक प्रयोग केले. १९३७ साली ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम, म्हणजे हाताच्या उद्योगातून शिक्षण, हा विचार देशापुढे आला. त्याची योजना आखणाऱ्या झाकीर हुसेन समितीत विनोबा होते. कताईच्या उद्योगावर त्यांनी स्वतः लिहिलेही. टकळी म्हणजे काय, हे आपल्यातल्या तरुण मुलींना ठाऊक नसेल. लहानशी चकती, तिच्यात एक काडी, आणि हाताने फिरवून कापसाच्या पेळूतून सूत काढायचे. आता यात गणित कसे ते पाहा. चार फूट सुताला एक तार म्हणत. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. मुलाने दिवसात किती तार काढले, गुंडीला किती कमी पडले, गुंडी वजनाला किती भरली, त्यावरून सूत जाड की बारीक, त्याची मजुरी किती, हे सारे हिशेब त्याच्या हातातल्या धाग्यातून निघत. फळ्यावरचे उदाहरण हे कुणा दुसऱ्याचे असते, हे त्याचे स्वतःचे असे.

आणि यात अध्यात्म कुठे आले? टकळी फिरत असताना मन भलतीकडे गेले की सूत तुटते, नाहीतर जाडबारीक होते. मनाची चलबिचल लगेच धाग्यावर उमटते. बाईंनी रागावून सांगावे लागत नाही. धागाच सांगतो. मन एका जागी ठेवणे आणि आपले चुकले ते चुकले म्हणून उघड मोजणे, या दोन गोष्टी मुलाच्या अंगी आल्या तर गणितही आले आणि अध्यात्मही आले. गणिताच्या तासाला देवाची गोष्ट सांगितली म्हणजे अध्यात्म झाले, असे नव्हे. बेरीज गरिबाच्या पोराची आणि श्रीमंताच्या पोराची सारखीच येते, हिंदूची आणि मुसलमानाचीही सारखीच येते. गणितापुढे वशिला चालत नाही. सर्वांना सारखे असणारे आणि कुणासाठी न बदलणारे असे जे सत्य, त्याची पहिली ओळख मुलाला पाढ्यांतच होते. विनोबांनी गीतेबरोबर कुराण, बायबल, धम्मपद यांचाही आदराने अभ्यास केला आणि त्यांचे सार लोकांना दिले, त्यामागे हीच दृष्टी असावी.

हे त्यांनी नुसते शिकवले नाही, स्वतः करूनही पाहिले. मजुराला सुताची जी मजुरी मिळते तेवढ्यातच आपण जगून पाहावे, म्हणून वर्ध्याजवळ नालवाडीला असताना ते दिवसाचे आठ आठ तास सूत काढीत आणि त्या तुटपुंज्या पैशांत आपले खाणे बसवीत. कातणाऱ्या बाईचे पोट किती पैशांत भरते, हा हिशेब त्यांनी कागदावर न करता स्वतःच्या पोटावर केला.

१८ एप्रिल १९५१ हा दिवस तर सर्वांना माहीत आहे. तेलंगणात पोचमपल्ली गावी हरिजन बांधवांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. मागणीहून वीस एकर जास्त. त्या रात्री विनोबांच्या मनात पुन्हा गणित आणि देव एकत्र आले. देशातली कसण्याजोगी जमीन सुमारे ३० कोटी एकर धरली तर भूमिहीनांसाठी तिचा सहावा हिस्सा ५ कोटी एकर. म्हणून ते घरोघर मागू लागले. तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. कोर्टाच्या वाटणीचे गणित त्यांनी आईच्या फणसाच्या गऱ्यांशी नेऊन जोडले. ऊन, पाऊस, थंडी न म्हणता तेरा-चौदा वर्षे हा कृश देहाचा माणूस गावोगाव पायी हिंडला. चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे झाली.

पण खरा हिशेब लिहायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ५ कोटींचा आकडा फार दूर राहिला. मिळालेल्या जमिनीतही कितीतरी खडकाळ निघाली, कितीतरी कोर्टकचेरीत अडकली, कितीतरी वाटली गेलीच नाही. लोक म्हणतात, म्हणजे गणित चुकले. मला वाटते, विनोबांचे गणित चुकले नाही, देणाऱ्यांचे मन अपुरे पडले. दानपत्रावर आकडा लिहिणे सोपे, तो एकेक दाणा मोजून देणे अवघड.

१९५८ साली सर्वोदय संमेलन आपल्याजवळच पंढरपुरास भरले. तेव्हा विनोबांनी निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांना घेऊन विठोबाचे दर्शन घेतले. आई ज्या विठोबाचे अभंग गात असे, त्याच्या पायांवर डोके ठेवताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. त्याच साली मनिलाचा पहिला मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. घरोघरी सर्वोदय पात्र ठेवावे, घरातल्या लहान मुलाच्या हाताने त्यात रोज एक मूठ धान्य टाकावे, असेही ते सांगत. मूठ मुलाचीच का? मूठ लहान म्हणजे कुणाला जड नाही, आणि द्यायची सवय लागायची ती त्याच वयात. १९५९ साली त्यांनी पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. ब्रह्मविद्या पुरुषांचीच, हा समज मोडून तेथे भगिनींनी अभ्यास, शेती, स्वयंपाक आणि आश्रमाचा कारभार सर्व आपल्या हाती घ्यायचा, सर्वांच्या एकमताने निर्णय करायचा, अशी ती रचना. महिला मंडळांनी हे विसरू नये.

विज्ञानाला राजकारणाची जोड मिळाली तर नाश, आणि विज्ञानाला अध्यात्माची जोड मिळाली तर सर्वोदय, असे समीकरण ते मांडीत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, अन्न, पाणी आणि औषध आपण होऊन सोडून, पवनारला त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या वर्षी, १९८३ मध्ये, सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले.

मुलीचे वाचन चार संध्याकाळी चालले. पाचव्या दिवशी मी ताटात तांदूळ घेतले, मुलीला बरोबर घेतले आणि जाऊबाईंच्या ओसरीवर जाऊन बसले. काही बोलले नाही. मोजायला लागले. थोड्या वेळाने त्याही येऊन बसल्या. मुलीने मात्र तोंड उघडलेच. तिने आधी घरच्या लहान काट्यावर दहा ग्रॅम तांदूळ तोलून मोजले होते. ५६० दाणे भरले होते. लाखाला किती, म्हणून तिने पाटीवर त्रैराशिक मांडले आणि उत्तर आले पावणेदोन किलोंहून थोडे अधिक. मग तिने आणखी एक गणित केले, जे आम्हां वीसजणींपैकी एकीलाही सुचले नव्हते. पाच हजार दाणे आणि महिन्याचे दिवस तीस, म्हणजे रोजचे १६७ दाणे. सेकंदाला एक दाणा धरला तर पुरती तीन मिनिटेही लागत नाहीत. दहा-बारा दिवस आम्ही भांडणात घालवले होते, तरी उरलेल्या दिवसांत रोजचे अडीचशे-तीनशे, म्हणजे चार-पाच मिनिटांचेच काम!

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि हसू आले. वेळ नाही म्हणणारी मी गणित न करताच गणिताची बाजू घेत होते. आणि गणित नको म्हणणाऱ्या जाऊबाईंच्याच बाजूने गणित निघाले.

बाहेर पाऊस पडत होता. आम्ही तिघी मोजीत बसलो. दहाच्या राशी, दहा राशींचे शेकडे. मध्येच कुणी बोलले की मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या पाच मिनिटांत ऊस, दूध, कर्ज, कशाचीही आठवण झाली नाही. रुक्मिणीबाईंना काय मिळत होते, ते मला तेव्हा थोडेसे कळले. आणि ज्या त्रैराशिकाने मला शाळेत रडवले, ते मुलीच्या पाटीवर पाहताना भय वाटले नाही, हाही एक लाभच.

अधिक महिना तरी कशाने येतो? चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे आणि सूर्याचे ३६५ दिवसांचे. दरसालची ही अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि ती भरून काढायला अधिक मास धरतात. आपल्या पुण्याच्या महिन्याच्या पोटातच गणित आहे. ते ज्यांनी केले त्यांनी ते देवाच्या विरुद्ध केले नाही.

तेव्हा भगिनींनो, मला समजले ते एवढेच. मंडळाची वर्गणी, बचत गटाचे व्याज, रेशनचे धान्य, दुधाचे माप, हे काट्यावर आणि वहीत, नरहररावांसारखे बिनचूक असावे. तेथे भक्तीचे नाव सांगून हिशेब ढिला ठेवू नये. आणि देवाचे नाव, मुलाचा अभ्यास, दुखणाइताची सेवा, रुसलेल्या माणसाची समजूत, हे रुक्मिणीबाईंसारखे एकेक दाणा मोजून करावे. तेथे काटा आणू नये. आपल्या मुलांना गणिताला बसवताना दोन्ही शिकवावे. घरात तांदूळ आहेतच.

पुढच्या अधिक महिन्यात आपण पुन्हा लाखोली करू. मी आणि जाऊबाई पहिल्या दिवसापासून मोजायला बसणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी ताट घेऊन आमच्या ओसरीवर यावे.